सेकानिया आणि दाफनी : कासवांच्या दोन शेजारी किनाऱ्यांचं प्रकरण

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात झाकिन्थॉस नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 400 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडं लहान. वस्ती जेमतेम 40 हजारांची. त्याच्या दक्षिण टोकाला लागानासचा उपसागर आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला सेकानिया आणि दाफनी हे दोन किनारे शेजारी शेजारी आहेत. वाळू सारखीच, समुद्र तोच. दोन्हीकडे रात्री अंडी घालायला येणारी कासवंही एकाच जातीची. पण गेल्या 40 वर्षांत या दोन किनाऱ्यांच्या वाट्याला दोन वेगळी नशिबं आली. ती का आली, हे समजून घेण्यासारखं आहे. कोकणातल्या माणसाला तर विशेष, कारण आपल्याकडेही कासव, किनारा आणि सातबारा हे तिन्ही एकाच वाळूत उभे असतात.

आधी बेटाची थोडी ओळख. व्हेनिसच्या लोकांनी इथे तीनशे वर्षं राज्य केलं आणि त्याला ‘पूर्वेचं फूल’ म्हटलं. त्या काळापासून बेट जगलं ते ऑलिव्हवर आणि बारीक काळ्या मनुकांवर. ऑगस्टमध्ये द्राक्षांचे घड उतरवायचे, खळ्यावर पसरायचे, उन्हात सुकवायचे आणि पावसाची सर आली तर सगळ्या घरानं धावायचं. आंब्याच्या मोसमात अवकाळी आला की आपल्याकडे जी घालमेल होते, तीच. दक्षिणेच्या केरी गावाजवळ जमिनीतून डांबर पाझरतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी त्याचं वर्णन करून ठेवलंय. होड्यांच्या फटी बुजवायला लोक ते वापरत.

ऑगस्ट 1953 च्या भूकंपात बेटाचं मुख्य शहर जवळजवळ पूर्ण कोसळलं. पुष्कळ माणसं देश सोडून गेली. जी राहिली त्यांच्याकडे जमीन होती, पण पैसा नव्हता. पुढे युरोपातून स्वस्त विमानं यायला लागली आणि विमानतळ झाला तोही लागानासच्या उपसागराला खेटूनच. 1980 च्या दशकात हे बेट उन्हाळी सुट्टीचं ठिकाण बनलं. त्याआधी किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्याला शेतकरी फारशी किंमत देत नव्हता, कारण तिथे ना ऑलिव्ह धड येत, ना द्राक्षं. एका पिढीत चित्र उलटं झालं. ज्याच्याकडे वाळूला लागून दोन गुंठे होते, तो टेकडीवरच्या बागाईतदारापेक्षा नशीबवान ठरू लागला.

त्याच वाळूत कासवं होती. 1977 मध्ये दिमित्रिस मार्गारितुलिस या ग्रीक माणसाला लागानासच्या किनाऱ्यांवर लॉगरहेड कासवांची वीण मोठ्या प्रमाणावर होत असल्याचं दिसलं. गावकऱ्यांना ते अर्थातच ठाऊक होतं. बाहेरच्या जगाला नव्हतं. भूमध्य समुद्रातल्या या कासवांच्या सर्वांत मोठ्या वीणभूमींपैकी ही एक निघाली. 1983 मध्ये मार्गारितुलिस यांच्या पुढाकारानं ग्रीसची समुद्री कासव संरक्षण संस्था उभी राहिली, जी आज ‘आर्केलॉन’ नावानं ओळखली जाते. उपसागरात एकूण सहा किनारे: येराकास, दाफनी, सेकानिया, कालामाकी, पूर्व लागानास आणि माराथोनिसी. सगळ्यांची लांबी मिळून साडेपाच किलोमीटरच्या आसपास, आणि घरटी वर्षाला सरासरी हजार-बाराशे.

मादी वाळूवर येते ते दृश्य ज्यांनी कोकणात वेळासला किंवा आंजर्ल्याला पाहिलंय त्यांना समजावायला नको. लॉगरहेड ही आपल्या ऑलिव्ह रिडलेची मोठी बहीण. डोकं अवजड, जबडा शंखशिंपले फोडणारा, कवचाची लांबी सुमारे 80 सेंटिमीटर. ती रात्री पाण्याबाहेर येते आणि थबकते. उजेड दिसला, माणूस हलला, रिकामी खाट आडवी आली, की बरेचदा अंडी न घालताच परत फिरते. सगळं निवांत असेल तर ती वर सरकते, अंगाखालची कोरडी वाळू उडवते आणि मग मागच्या पायांनी खड्डा घेते. हे काम डोळ्यांनी पाहत नाही ती. एक पाय आत जातो, पंजा वाटीसारखा वळतो, मूठभर ओली वाळू अलगद वर येते आणि बाजूला ठेवली जाते. लगेच दुसरा पाय. खड्डा साधारण अर्धा मीटर खोल गेला, पाय तळाला पोचेनासे झाले, की ती शंभरेक अंडी सोडते, वाळू लोटते, दाबते आणि समुद्राकडे निघून जाते. पुन्हा मागे वळून बघत नाही. पुढचे पन्नास-साठ दिवस त्या अंड्यांचं पालनपोषण वाळू करते.

पिल्लं फुटली तरी लगेच बाहेर येत नाहीत. वाळूखाली थांबतात, वरचा थर रात्री गार झाला की सगळी मिळून उसळतात आणि क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता. लागानासला आता तो डिस्कोचा असतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. उपसागरातल्या बहुतेक किनाऱ्यांवर माद्याच जास्त निपजतात. पण उपसागराच्या पश्चिम बाजूला माराथोनिसी नावाचं एक चिमुकलं निर्मनुष्य बेट आहे. नावाचा अर्थ बडीशेपेचं बेट. तिथली वाळू फिकट, म्हणून थंड. तिथे नरांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे या सहा किनाऱ्यांतला एक जरी गमावला तरी त्याची भरपाई उरलेल्या पाचांवर होत नाही. ‘एक किनारा ठेवा की कासवांना, बाकीचे पर्यटनाला द्या’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते मुळातच चुकीचं आहे.

1984 : रेषा ओढली गेली

ग्रीक सरकारनं 1984 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं किनाऱ्यांमागच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध आणले. पुढच्या काही वर्षांत ते वाढत गेले. समुद्रात वेगवान बोटींवर बंदी आली, रात्रीच्या विमानांवर बंधन आलं. कासवांच्या बाजूनं पाहिलं तर सगळं योग्य.

आता दाफनीच्या बाजूनं पाहू. दाफनी आणि येराकास ही वासिलिकोस गावाची बाजू. ऑलिव्हच्या बागा, मेंढरं, विखुरलेली घरं. आदेश आला तेव्हा लागानासला बऱ्यापैकी बांधून झालं होतं. हॉटेलं, खानावळी, दिव्यांच्या माळा सगळं उभं होतं आणि ते उभंच राहिलं. दाफनीला अजून काही झालं नव्हतं, म्हणून तिथे काहीच करायचं नाही असं ठरलं. ज्यांनी किनारा आधीच खराब केला होता त्यांचा धंदा वाचला, आणि ज्यांचा किनारा चांगला राहिला होता त्यांना त्या चांगुलपणाची शिक्षा झाली. दाफनीच्या मालकाला हे असंच दिसणार. मलाही असंच दिसतं. किनाऱ्यावरच्या बांधकामांना अडवणारी सीआरझेडची रेषा आपल्या घराच्या ओट्यावरून गेली आणि शेजारचं रिसॉर्ट मात्र सुटलं, हा अनुभव कोकणात नवा नाही.

जमिनीवर निर्बंध आला तर मालकाला भरपाई देण्याची तरतूद ग्रीसच्या 1986 च्या पर्यावरण कायद्यात होती. पण ती कागदावरच राहिली. वर्षं गेली. मालकांच्या हातात ना मोबदला, ना बदली जमीन, ना परवानगी. मग जे व्हायचं तेच झालं. दाफनीच्या वाळूमागे विनापरवाना खानावळी आणि खोल्या उभ्या राहिल्या, डोंगरातून किनाऱ्यापर्यंत वाट काढली गेली, छत्र्या आणि खाटा आल्या. पाडायचे आदेश निघाले आणि पडून राहिले. घरट्यांची मोजदाद करायला आलेले तरुण स्वयंसेवक आणि जमीनमालक यांच्यात वादावादी हा नेहमीचा प्रकार झाला. मालकाच्या डोळ्यांना तो स्वयंसेवक सरकारचा माणूस दिसायचा, आणि सरकार स्वतः तर कधी दारात यायचंच नाही.

छत्रीचा दांडा म्हणजे काय असतो हे सहज लक्षात येत नाही. टोकदार लोखंडी दांडा वाळूत हातभर घुसवला की खालच्या घरट्यात तो थेट अंड्यांतून जातो. वर बसलेल्या माणसाला कळतही नाही. आणि दांडा चुकून अंड्यांना लागला नाही, तरी दिवसभर पडणाऱ्या सावलीनं घरटं थंड पडतं, अंडी उबण्याचं वेळापत्रक बिघडतं.

शेजारी, सेकानियात

सेकानियाचा किनारा जेमतेम सहाशे-साडेसहाशे मीटरचा. मागे उंच, ठिसूळ मातीचे कडे. उपसागरातली जवळपास निम्मी घरटी एवढ्या पट्ट्यात असतात. लॉगरहेड कासवांची इतकी दाट वीण जगात फार थोड्या जागी होते. इथेही मागची जमीन खासगीच होती आणि इथल्या मालकांवरही तेच निर्बंध होते.

फरक पडला 1994 मध्ये. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेच्या ग्रीक शाखेनं लोकांच्या देणग्या आणि युरोपीय निधी यांच्या जोरावर सेकानियामागची जमीन विकत घेतली. सरळ व्यवहार: मालकाला पैसे मिळाले, संस्थेला जमीन मिळाली. तेव्हापासून तिथे पर्यटकाला जायला बंदी आहे. जातात ते संशोधक आणि रखवालदार. ना खाट, ना छत्री, ना दिवा. संस्थेच्या अडचणी उरल्या त्या निसर्गाच्या: कड्याची माती पावसात वाहून वाळूवर येऊ नये, डोंगराला वणवा लागू नये, याची काळजी. माणसांशी भांडण राहिलं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. सेकानियात कासवं वाचवण्याचा खर्च समाजानं उचलला. दाफनीत तोच खर्च पाच-पन्नास कुटुंबांच्या डोक्यावर टाकला आणि त्यांनी तो नाकारला. गावकरी इकडे सुधारलेले आणि तिकडे लबाड असं काही नाही. ती एकाच बेटावरची, एकाच देवाला मानणारी माणसं. 24 ऑगस्टला, नेमक्या पिल्लं फुटण्याच्या दिवसांत, बेटाचा रक्षक संत डायोनिसियस याची मिरवणूक निघते तेव्हा सगळे एकाच गर्दीत असतात.

लक्झेंबर्गचा निकाल

युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठी झालेल्या बर्न कराराच्या समितीकडे लागानासचं प्रकरण 1980 च्या दशकापासून पडून होतं. डिसेंबर 1999 मध्ये झाकिन्थॉसचं राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित झालं, समुद्री कासवांसाठी ग्रीसमधलं पहिलंच. समुद्राचे तीन पट्टे पाडले गेले. पहिल्यात बोटींना प्रवेशच नाही, दुसऱ्यात सहा नॉटपर्यंत (ताशी सुमारे 11 किलोमीटर) वेग पण नांगर टाकायला मनाई, तिसऱ्यात नांगर चालेल पण वेग सहा नॉटच. मे ते ऑक्टोबर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत वीणकिनारे बंद. दिवसा लोकांनी पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यातच बसायचं, कारण घरटी त्याच्या वर असतात.

तरीही युरोपीय आयोग ग्रीसला न्यायालयात घेऊन गेला. 30 जानेवारी 2002 रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: कासवांच्या कडक संरक्षणाची परिणामकारक व्यवस्था ग्रीसनं उभी केली नाही. पुरावा साधाच होता. लागानासच्या पूर्वेला वाळूवर मोपेड फिरत होत्या, येराकास आणि दाफनीच्या पाण्यात पायडल बोटी आणि छोट्या होड्या होत्या, दाफनीला बेकायदा बांधकामं होती.

या निकालातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पंधरा वर्षांत घरट्यांची संख्या घटल्याचं दिसलं नव्हतं. न्यायालयानं म्हटलं, केवळ तेवढ्यानं दोष पुसला जात नाही. संख्या कमी झाली नाही म्हणून संरक्षण पुरेसं आहे असं मानता येत नाही. जे कासव प्रौढ व्हायलाच वीस-तीस वर्षं घेतं, त्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. आज वाळूवर येणाऱ्या माद्या दोन-तीन दशकांपूर्वीच्या किनाऱ्याचा हिशोब सांगतात. आजच्या किनाऱ्याचा हिशोब कळायला तितकीच वर्षं थांबावं लागेल. आपल्याकडे पर्यावरणाच्या सुनावण्यांत ‘अजून तर काही नुकसान दिसत नाही’ हे वाक्य किती सहज स्वीकारलं जातं, ते आठवून पाहा.

निकालानंतरही सगळं सरळ झालं नाही. 2004 मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापनाकडचे पैसे संपले, पगार थकले, रखवालदार किनाऱ्यावरून उठले. उद्यानाच्या हद्दीतल्या कचराडेपोवरून 2014 मध्ये ग्रीसविरुद्ध आणखी एक निकाल लागला. पुढे 2020 च्या कायद्यानं स्थानिक व्यवस्थापन मंडळं राष्ट्रीय यंत्रणेत विलीन करायचं ठरलं. बेटावरच्या माणसाच्या दृष्टीनं निर्णयाचं टेबल आणखी लांब गेलं.

कासवाचा पैसा कोणाच्या खिशात

आज झाकिन्थॉसला जा, कासव सगळीकडे आहे. टोपीवर, टॉवेलवर, मगवर, किल्लीच्या साखळीवर. लागानास, केरी आणि आयिओस सोस्तिसहून कासव दाखवणाऱ्या बोटी सुटतात. उपसागरात काही नर कासवं जवळपास कायम राहतात. बोटवाले त्यांनाच शोधतात. एक कासव श्वास घ्यायला वर आलं की चार दिशांनी बोटी धावतात. अंतर ठेवा, थोडाच वेळ थांबा, एकाच वेळी फार बोटी नकोत, खायला घालू नका, असे नियम आहेत. गर्दीच्या दिवसांत ते पाळायला लावणं कठीण जातं. श्वासाला वर आलेलं कासव सगळ्यात जास्त धोक्यात असतं ते त्याच क्षणी, कारण बोटीचा पंखा तिथेच फिरत असतो.

यात दाफनीच्या मालकाला काय मिळतं? फारसं काही नाही. कासवामुळे येणारा पैसा मिळतो तो ज्यांचा किनारा आधीच दिव्यांनी भरलाय त्यांना. कासवासाठी जमीन अडकते ती दाफनीची. बोटीच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा निर्बंधाखालच्या जमिनींच्या भरपाईसाठी कायम बाजूला निघाला असता, तर या भांडणाची धार केव्हाच बोथट झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे वेळासची आठवण होणं साहजिक आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी फिरत होते, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जात होती. संस्थेनं गावातल्याच माणसांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवली जाऊ लागली. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. भाकरी-उसळीचं ताट मांडणाऱ्या घरात कासवाचा पैसा थेट पोचला.

झाकिन्थॉसपेक्षा वेळासचं सोपं होतं, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. वेळासच्या वाळूला तेव्हा विमानतळ लागून नव्हता. अंडी कुंपणात हलवली की बाकीचा किनारा मोकळा राहतो. झाकिन्थॉसला घरटी शक्यतो जागच्या जागी ठेवतात, वर जाळी किंवा तिकाटणं लावतात आणि लाटेच्या माऱ्यात जाण्याचा धोका असेल तरच हलवतात. ते कासवासाठी जास्त चांगलं, कारण वाळूचं तापमान आणि नर-मादीचं गणित हाताळलं जात नाही. पण त्यासाठी अख्खा किनारा द्यावा लागतो. आणि अख्खा किनारा द्यायचा, तर ज्याचा तो आहे त्याच्याशी बसून बोलावं लागतं, पैशांसकट.

2023 पासून ग्रीसमध्ये दरवर्षी दहा हजारांहून जास्त घरटी मोजली जाऊ लागली आहेत. पूर्वी हा आकडा पाच ते सात हजारांच्या दरम्यान असे. झाकिन्थॉसच्या वाळूवरही माद्यांची वर्दळ वाढली आहे. यातल्या पुष्कळशा 1990 च्या दशकात फुटलेल्या पिल्लांपैकी असतील. ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात किंवा एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला वाढून, हजारातली एखादी या हिशोबानं वाचून त्या परत आल्या आहेत. काही सेकानियाच्या अंधारात वर चढतात. काही दाफनीला येतात, पाण्याच्या कडेला थबकतात आणि वर दिवा लागलाय की नाही ते पाहतात.